अमेरिकन फुटबॉल २०२४: अंदाज गुणफरकावर बांधावा की गुडघ्यांवर?

आकडेमोड – १८ ऑगस्ट २०२४

येत्या ५ सप्टेंबरला कॅन्सस सिटी चीफ्स आणि बाल्टिमोर रेव्हन्स यांच्या सामन्याने एनएफएलचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा) नवा हंगाम सुरू होत आहे. दर ऑगस्टमध्ये मी एका वहीत प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना) जाणाऱ्या चौदा संघांची नावे लिहितो आणि जानेवारीत ती वही घरच्यांच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवून देतो. यंदा लपवाछपवी नको, म्हणून हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे असे आहे की गेल्या वर्षीचे जय-पराजय पाहून अंदाज बांधणे फसवे असते, कारण सतरा सामन्यांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. त्यापेक्षा मिळवलेले आणि दिलेले गुण पाहावेत. बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी काढलेले सूत्र फुटबॉललाही लावता येते: मिळवलेल्या गुणांचा २.३७ वा घात घ्यायचा, त्याला दोन्ही बाजूंच्या गुणांच्या तशाच घातांच्या बेरजेने भागायचे आणि आलेल्या उत्तराला १७ ने गुणायचे. २०२२ मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज १३-४ (तेरा जय, चार पराजय) होते. पण त्यांनी ४२४ गुण मिळवले होते आणि ४२७ दिले होते. म्हणजे सूत्राप्रमाणे ते साडेआठ विजयांचेही संघ नव्हते. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले होते आणि असे भाग्य दोनदा भेटत नाही. पुढच्या वर्षी ते ७-१० वर आले.

हाच न्याय लावला तर यंदा दोन संघ घसरायला हवेत. फिलाडेल्फिया ईगल्स गेल्या वर्षी ११-६ होते, पण त्यांचे गुण ४३३ विरुद्ध ४२८ असे होते. पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकून त्यांनी उरलेल्या सहापैकी पाच गमावले, आणि आता तर त्यांचा जुना खेळाडू जेसन केल्सी निवृत्त झाला आहे. दुसरा संघ पिट्सबर्ग स्टीलर्स. १०-७, गुण मात्र ३०४ विरुद्ध ३२४.

माझे चौदा, लीगच्या दोन गटांतून: एएफसीमधून चीफ्स, रेव्हन्स, बिल्स, टेक्सन्स, बेंगल्स, जेट्स आणि चार्जर्स; एनएफसीमधून फोर्टीनाइनर्स, लायन्स, काउबॉइज, पॅकर्स, रॅम्स, फाल्कन्स आणि बेअर्स. अंदाज बांधताना तुम्ही सर्वांत आधी काय पाहता, हा माझा प्रश्न आहे. संघांची नावे दिलीत तर कारणेही द्यावीत.

सदूनाना – १८ ऑगस्ट २०२४

आमच्या पंचांगात पावसाच्या नक्षत्राचे वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस भरपूर आणि कोल्हा असेल तर बेताचा, असे सांगितलेले असते. २.३७ हा घात पाहून मला त्याचीच आठवण झाली. पुण्यात बसून रविवारी रात्री साडेदहाला पहिले सामने लावणारा मी साधा प्रेक्षक आहे, तेव्हा माझा अंदाजही साधाच आहे: गेल्या वर्षी प्लेऑफला गेलेले चौदा संघच यंदाही जातील.

चौथा_डाऊन – १९ ऑगस्ट २०२४

नाना, हे कधीच घडत नाही. १९९० पासून एकही हंगाम असा झालेला नाही की ज्यात प्लेऑफच्या यादीत किमान चार नवे संघ आले नाहीत. लीगची रचनाच तशी आहे. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळते आणि पगारावर सर्वांना सारखीच मर्यादा असते. यंदा ती २५५.४ दशलक्ष डॉलर आहे. श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू विकत घ्यावेत, ही युरोपातल्या फुटबॉलसारखी सोय येथे नाही.

वेळापत्रकाविषयी मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. तळाच्या संघाला पुढच्या वर्षी सोपे वेळापत्रक मिळते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात सतरापैकी सहा सामने आपल्याच डिव्हिजनमधल्या (चार संघांच्या पोटगटातल्या) तीन संघांशी असतात आणि आठ सामने ठरलेल्या फेऱ्याप्रमाणे येणाऱ्या दोन डिव्हिजनांशी असतात. गेल्या वर्षीच्या क्रमांकावर अवलंबून असतात ते उरलेले तीनच. तेव्हा "वेळापत्रक सोपे आहे" असे म्हणणाऱ्याने आधी ते कोणत्या कारणाने सोपे आहे, ते सांगावे.

सदूनाना – १९ ऑगस्ट २०२४

चार बदलतात हे मान्य आहे. पण चार बदलले तर माझे दहा बरोबर येतात. आकडेमोड यांनी पाच बदलले आहेत, आणि ते पाचही नेमके तेच असावे लागतील.

मेघना_ह्यूस्टन – १९ ऑगस्ट २०२४

मी सर्वांत आधी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) पाहते आणि तो ठीक असेल तरच पुढचे पाहते. आमचे टेक्सन्स २०२२ मध्ये ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) होते. सी. जे. स्ट्राउड आला आणि पहिल्याच वर्षी त्याने ४,१०८ यार्ड पास फेकले. २३ टचडाऊन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवणे) झाले आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) फक्त पाच. संघ १०-७ झाला, डिव्हिजन जिंकली आणि पहिल्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडला ४५-१४ ने हरवले. कोणत्या सूत्रात हे आधी दिसले असते? आता स्टेफॉन डिग्ज, जो मिक्सन आणि डॅनियल हंटर हे तिघेही येथे आले आहेत. मी यंदा बारा विजय धरते, आणि स्ट्राउडची आकडेवारी गेल्या वर्षीपेक्षाही चांगली होईल, असे लिहून ठेवते.

पिट्सबर्गकर – १९ ऑगस्ट २०२४

आकडेमोड, तुम्ही आमचा संघ घसरवलात, याचे दुःख नाही. आश्चर्य मात्र आहे. माइक टॉमलिन २००७ पासून प्रशिक्षक आहेत आणि त्यांचा एकही हंगाम जयांपेक्षा पराजय जास्त होऊन संपलेला नाही. या काळात क्वार्टरबॅक आले, गेले, काही तर येऊच नयेत असे आले. गुणफरक काय म्हणतो ते म्हणू दे. स्टीलर्सविषयी अंदाज बांधणे हे लीगमधले सर्वांत सोपे काम आहे. ते नऊ किंवा दहा सामने जिंकतील, प्लेऑफच्या पहिल्या फेरीत हरतील आणि आम्ही पुन्हा टॉमलिनवर चिडू.

बर्फाळ_प्रदेश – २० ऑगस्ट २०२४

धाग्याच्या शीर्षकातले गुडघे माझ्या वाट्याला आले आहेत. वायकिंग्जने दहाव्या निवडीवर जे. जे. मॅकार्थी घेतला, सरावाच्या पहिल्याच सामन्यात तो छान खेळला आणि दोन दिवसांत कळले की गुडघ्यातली कूर्चा फाटली आहे, हंगाम संपला. आता सॅम डार्नल्ड खेळणार. २०१८ मध्ये जेट्सने तिसऱ्या निवडीवर घेतलेला, मग एकेका संघाने सोडून दिलेला आणि आमच्याकडे दहा दशलक्ष डॉलरच्या एक वर्षाच्या करारावर आलेला हा खेळाडू आहे. माझा अंदाज सहा विजयांचा आहे.

तरीही पूर्ण आशा सोडवत नाही, त्याचे कारण १९९९ चे सेंट लुईस रॅम्स आहेत. आदल्या वर्षी ते ४-१२ होते. हंगामाआधीच्या सामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि कर्ट वॉर्नरला उभे करावे लागले. हा गृहस्थ काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता आणि त्यानंतर बंदिस्त मैदानावरच्या अरीना फुटबॉलमध्ये खेळत होता. त्या वर्षी रॅम्स १३-३ झाले, वॉर्नर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यांनी टेनेसीला २३-१६ ने हरवून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. ऑगस्ट १९९९ मध्ये कोणी हे लिहिले असते तर त्याला आपण धाग्यावरून हाकलले असते.

नवशिका – २० ऑगस्ट २०२४

मी दोनच वर्षांपासून हा खेळ पाहत आहे, म्हणून विचारतो. सध्या सरावाचे सामने चालूच आहेत, मग त्यांचे निकाल पाहून अंदाज का बांधत नाहीत?

चौथा_डाऊन – २० ऑगस्ट २०२४

कारण त्या सामन्यांत मुख्य खेळाडू फार तर दोन-चार वेळा चेंडू हाताळतात आणि उरलेला वेळ संघात जागा मिळवू पाहणारी मुले खेळतात. नव्वद जणांतून त्रेपन्न निवडण्याची ती परीक्षा आहे. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सने सरावाचे चारही सामने जिंकले आणि खऱ्या हंगामात सोळाच्या सोळा हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने अगदी तेच करून दाखवले. रेव्हन्सने तर सरावाचे सलग चोवीस सामने जिंकले होते आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या हाती एकही सुपर बोल लागला नाही.

सदूनाना – २० ऑगस्ट २०२४

थोडक्यात, साखरपुड्याचे जेवण पाहून संसाराचा अंदाज बांधू नये.

एडिसनचा_अण्णा – २१ ऑगस्ट २०२४

जेट्सविषयी मी बोलायला हवे, कारण गेल्या वर्षीची ११ सप्टेंबरची संध्याकाळ माझ्याच घरी झाली होती. आरन रॉजर्सचा पहिला सामना, म्हणून बारा माणसे बोलावली होती. मी स्वयंपाकघरात बटाटेवड्यांचा पहिला घाणा कढईत सोडला आणि बाहेर टाळ्या वाजल्या, कारण रॉजर्स मैदानात उतरला होता. वडे तांबूस झाले, झाऱ्याने उलटले, एवढ्यात बाहेर सगळे गप्प झाले. मी झारा हातात घेऊनच बाहेर आलो, तर तो मैदानावर बसलेला होता. चौथ्या डावालाच (चेंडू चौथ्यांदा खेळात येताच) त्याच्या टाचेवरची अकिलीस शीर तुटली होती. तो सामना जेट्सने ओव्हरटाइममध्ये जिंकला, हे खरे. पण हंगाम ७-१० असाच गेला.

तरी माझा अंदाज यंदा अकरा विजयांचा आहे. बचाव चांगला आहे, टायरन स्मिथ लाइनवर (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत) आला आहे. रॉजर्सला डिसेंबरमध्ये एकेचाळीस पूर्ण होतील, हे मला ठाऊक आहे; कृपया कोणी आठवण करून देऊ नये.

सांताक्लारावासी – २१ ऑगस्ट २०२४

आकडेमोड यांच्या सूत्राला माझा पाठिंबा आहे, कारण ते आमच्या बाजूचे आहे. फोर्टीनाइनर्सनी गेल्या वर्षी ४९१ गुण मिळवले आणि २९८ दिले, आणि सुपर बोल ओव्हरटाइममध्ये २५-२२ ने गेला. एवढा भरलेला संघ दुसरा नाही. आयुकच्या कराराचा आणि ट्रेंट विल्यम्सच्या रुसव्याचा प्रश्न सुटला की पुन्हा तेथेच पोहोचू. खेळाडूंमध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री. गेल्या वर्षी धावण्यात तो लीगमध्ये पहिला होता. फँटसीमध्ये (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधण्याच्या खेळात) पहिली निवड मिळाली तर विचारच करू नये.

बर्फाळ_प्रदेश – २१ ऑगस्ट २०२४

रनिंग बॅकविषयी (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूविषयी) विचार न करणे मला पटत नाही. ज्याने आदल्या वर्षी सर्वांत जास्त वेळा चेंडू घेऊन अंगावर माणसे झेलली, त्याचेच शरीर पुढच्या वर्षी साथ देईल असे आपण धरून चालतो, ते कशाच्या आधारावर? शिवाय मॅकॅफ्रीच्या पोटरीची कुरबुर सुरूच आहे.

मेघना_ह्यूस्टन – २२ ऑगस्ट २०२४

मग सेक्वॉन बार्कलीचे काय? जायंट्सने त्याला जाऊ दिले आणि ईगल्सने तीन वर्षांसाठी ३७.७५ दशलक्षांचा करार केला. वय सत्तावीस आणि २०२० मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला. बाल्टिमोरने डेरिक हेन्रीला घेतले. तो तर तीस वर्षांचा आहे. रनिंग बॅकवर पैसा खर्च करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे गेली दहा वर्षे प्रत्येक तज्ज्ञ सांगत आला आहे.

आकडेमोड – २२ ऑगस्ट २०२४

बार्कलीविषयी मी तज्ज्ञांच्या बाजूने आहे. ईगल्सचा प्रश्न बचावाचा होता, धावण्याचा नव्हता. नवे बचाव-प्रशिक्षक विक फँजिओ आले असले तरी एका वर्षात फार फरक पडेल, असे मला वाटत नाही.

एडिसनचा_अण्णा – २ सप्टेंबर २०२४

काल रात्री आमच्या बारा जणांच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट झाला. तळघरात भिंतीवर कागदाचा तक्ता, त्यावर प्रत्येकाच्या नावाचा रकाना आणि खेळाडूंच्या नावांच्या रंगीत चिकटपट्ट्या, असा आमचा जुना थाट असतो. पहिली निवड माझ्या मेहुण्याची होती. त्याने मॅकॅफ्रीची पट्टी हातात घेतली, चिवड्याचे तेल लागलेल्या बोटामुळे ती चिकटेना, तीनदा खाली पडली, आणि शेवटी त्याने ती टाचणीने तक्त्यावर रोवली. अपशकुन म्हणून सगळे हसले. बार्कली अकरावा गेला.

सांताक्लारावासी – १० सप्टेंबर २०२४

कालच्या पहिल्या सामन्यात मॅकॅफ्री खेळला नाही, पण आम्ही जेट्सना हरवले आणि त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने १४७ यार्ड धाव काढली. काळजीचे कारण नाही. अण्णा, मेहुण्यांना धीर द्या.

पिट्सबर्गकर – १० सप्टेंबर २०२४

बेंगल्स घरच्या मैदानावर न्यू इंग्लंडकडून १६-१० ने हरले, याकडे कोणी पाहिले का? आकडेमोड यांच्या चौदांपैकी एक पहिल्याच रविवारी लंगडू लागला आहे.

बर्फाळ_प्रदेश – १४ ऑक्टोबर २०२४

डार्नल्डने पहिले पाचही सामने जिंकले आहेत. मी सहा विजय म्हटले होते. माझी ती प्रतिक्रिया संपादकांनी कृपया उडवावी.

एडिसनचा_अण्णा – १४ ऑक्टोबर २०२४

आमच्याकडे मात्र २-३ झाल्यावर मागच्या मंगळवारी प्रशिक्षकालाच काढून टाकले. बटाटेवडे बंद केले आहेत.

मेघना_ह्यूस्टन – २८ ऑक्टोबर २०२४

वॉशिंग्टनविषयी या धाग्यावर एक ओळही नाही, हे आज लक्षात आले. गेल्या वर्षी ते ४-१३ होते आणि त्यांनी ५१८ गुण दिले होते, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक. काल त्यांच्या जेडन डॅनियल्सने शेवटच्या डावात मागे-पुढे धावत वेळ काढला आणि शिकागोच्या एन्डझोनकडे (टोकाच्या पट्ट्याकडे) लांब फेक केली; चेंडू गर्दीतल्या हातांना लागून उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. १८-१५. डाव सुरू झाला तेव्हा शिकागोचा एक बचावपटू अजून प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता. आपण सगळे पहिल्या निवडीच्या केलेब विल्यम्सकडे पाहत होतो. दुसऱ्या निवडीकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

सांताक्लारावासी – २ डिसेंबर २०२४

बफेलोच्या बर्फात काल मॅकॅफ्रीचा गुडघा गेला. हंगामातला त्याचा तो चौथाच सामना होता. आयुकचा गुडघा ऑक्टोबरमध्येच गेला होता. शीर्षक कोणी ठेवले होते, त्याला दंड करावा.

चौथा_डाऊन – ७ जानेवारी २०२५

हंगाम संपला आहे, तेव्हा हिशोब मांडतो. आकडेमोड यांच्या चौदांपैकी चीफ्स, रेव्हन्स, बिल्स, टेक्सन्स, चार्जर्स, लायन्स, पॅकर्स आणि रॅम्स असे आठ बरोबर आले. फोर्टीनाइनर्स ६-११, काउबॉइज ७-१०, जेट्स आणि बेअर्स प्रत्येकी ५-१२, फाल्कन्स ८-९ आणि बेंगल्स ९-८ राहिले. नवे संघ चारच आले: चार्जर्स, ब्रॉन्कोज, वायकिंग्ज आणि वॉशिंग्टन. म्हणजे सदूनानांचे बरोबर दहा.

आणखी गंमत म्हणजे आठपैकी सहा डिव्हिजन गेल्या वर्षीच्याच विजेत्यांनी राखल्या, एएफसीमध्ये तर चारही. जवळजवळ दरवर्षी कोणी ना कोणी तळातून डिव्हिजनच्या शिखरावर जातो. यंदा एकही गेला नाही.

सदूनाना – ७ जानेवारी २०२५

बेडूक हे वाहन शुभ असते, हे मी आधीच सांगितले होते. आकडेमोड पुण्याला आले की मिसळीचे पैसे ते देतील.

पिट्सबर्गकर – ७ जानेवारी २०२५

स्टीलर्स १०-७. आता पहिल्या फेरीत हरायचे तेवढे राहिले आहे.

मेघना_ह्यूस्टन – ८ जानेवारी २०२५

माझी कबुली अशी की टेक्सन्स आले, पण बारा विजयांनी नव्हे, पुन्हा दहाच. स्ट्राउडचे इंटरसेप्शन पाचांवरून बारा झाले आणि तो ५२ वेळा सॅक (चेंडू फेकण्याआधीच आडवा) झाला. मी क्वार्टरबॅक पाहिला, त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण पाहिलेच नाहीत.

बेंगल्सचे उदाहरण तर याहून विचित्र आहे. जो बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन केले. जमार चेसने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाऊन अशा तिन्ही बाबतीत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. खेळाडूंविषयी एवढा आशावादी अंदाज ऑगस्टमध्ये कोणी केला असता तर आपण त्याला वेड्यात काढले असते, आणि तो बरोबर आला असता. तरी संघ बाहेरच राहिला, कारण ३८, ३४ आणि पुन्हा ३८ गुण मिळवूनही ते सामने हरले. खेळाडूचा अंदाज आणि संघाचा अंदाज या दोन निराळ्या विद्या आहेत, असे आता मला वाटू लागले आहे.

बर्फाळ_प्रदेश – १४ जानेवारी २०२५

डार्नल्ड १४-३ पर्यंत गेला, शेवटच्या आठवड्यात डेट्रॉइटकडे ३१-९ आणि काल रॅम्सकडे २७-९ ने हरला; काल त्याला नऊ वेळा सॅक केले. लॉस एंजेलिसच्या वणव्यामुळे सामना ॲरिझोनात हलवला होता, एवढेच त्यातल्या त्यात रॅम्सचे नुकसान. ऑगस्टमधला मी निराश होतो आणि चुकलो. डिसेंबरमधला मी आशावादी होतो आणि तोही चुकलो.

पिट्सबर्गकर – १४ जानेवारी २०२५

शनिवारी बाल्टिमोरकडून २८-१४. माझा अंदाज शब्दशः खरा ठरल्याबद्दल कोणीही अभिनंदन करू नये.

आकडेमोड – १० फेब्रुवारी २०२५

काल रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सने चीफ्सना ४०-२२ ने हरवले. ज्या संघाला मी ऑगस्टमध्ये सर्वांत आधी खाली ढकलले, तोच विजेता झाला. ज्या बार्कलीला मी वाया गेलेला पैसा म्हटले, त्याने नियमित हंगामात २,००५ यार्ड धाव काढली आणि विक्रमाला १०१ यार्ड हवे असताना शेवटचा सामना विश्रांतीसाठी सोडला. तीस वर्षांच्या हेन्रीने १,९२१ केले. आणि ज्या फँजिओंना एका वर्षात फार काही जमणार नाही असे मी लिहिले होते, त्यांच्या बचावाने काल मध्यंतरापर्यंत चीफ्सना शून्यावर ठेवले. माहोम्स सहा वेळा सॅक झाला. कूपर डीजीन या नवख्या खेळाडूने आपल्या बाविसाव्या वाढदिवशी इंटरसेप्शन घेऊन थेट टचडाऊन केला.

तरी माझे सूत्र टाकून द्यायला मी तयार नाही. चीफ्स १५-२ होते, पण गुण ३८५ विरुद्ध ३२६. सूत्राप्रमाणे साधारण दहा विजय. त्यांचे दोन पराभव नऊ आणि अडतीस गुणांचे होते, म्हणजे आठ गुणांच्या आतला एकही सामना ते हरले नाहीत. हुबेहूब २०२२ चे वायकिंग्ज! ईगल्सचे गुण मात्र ४६३ विरुद्ध ३०३, म्हणजे साडेबाराच्या जवळपास. यंदाचे आकडे यंदाच्या संघाला लावले तर अंतिम सामन्याचा कौल त्यांनी बरोबर दिला होता. माझी चूक अशी झाली की गेल्या वर्षीच्या संघाचे आकडे मी यंदाच्या संघाला चिकटवले. मधल्या काळात बचावाचा प्रशिक्षक बदलला होता, बचावात दोन नवी मुले आली होती आणि पाठीमागे बार्कली उभा होता.

चौथा_डाऊन – १० फेब्रुवारी २०२५

मग त्याच सूत्राने ५६४ विरुद्ध ३४२ असणारे लायन्स विजेते व्हायला हवे होते. ते वॉशिंग्टनकडून घरी ४५-३१ ने हरले.

आकडेमोड – १० फेब्रुवारी २०२५

लायन्सचा हचिन्सन ऑक्टोबरमध्ये पाय मोडून गेला आणि त्याच्यामागे जवळजवळ अख्खा बचाव जखमींच्या यादीत गेला. ५६४ आणि ३४२ हे ज्या संघाचे आकडे होते, तो संघ जानेवारीत मैदानावर नव्हताच. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर असे देतो की गुणफरक पाहावा, पण तो कोणाच्या पायांवर उभा आहे तेही दर आठवड्याला पाहावे. ऑगस्टमध्ये हे शक्य नसते, म्हणून ऑगस्टमध्ये नानांचे ऐकावे.

नवशिका – ११ फेब्रुवारी २०२५

पुढच्या हंगामाचा एक अंदाज आत्ताच नोंदवून ठेवू का? न्यू इंग्लंड यंदा ४-१३ होते, पण माइक व्रेबल प्रशिक्षक म्हणून आले आहेत आणि ड्रेक मे हा तिसऱ्या निवडीचा क्वार्टरबॅक त्याच्या दुसऱ्या वर्षात असेल. मला वाटते की ते प्लेऑफला जातील.

पिट्सबर्गकर – ११ फेब्रुवारी २०२५

नवशिके, उत्साहाचे कौतुक आहे. पण चारवरून एकदम प्लेऑफ म्हणजे जरा अतीच झाले.

सदूनाना – ११ फेब्रुवारी २०२५

नोंदवून ठेवा. माझे मात्र यंदाचेच चौदा.